न हललेल्या सामानाची यादी

ताथवडे
बुधवार, दुपार

प्रिय शेखर,

माझं अक्षर पाकिटावर बघून तू दचकला असशील. आपलं लग्न ठरल्यावर मी तुला तीन पत्रं लिहिली होती, त्यानंतर एकोणीस वर्षांनी हे चौथं. फोनवर बोलायचं दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा तू काहीतरी गमतीचं बोललास, मी हसले आणि विषय राहून गेला. शिवाय तुझा फोन कंपनीचा आहे आणि माझा फोन अर्धा वेळ इराच्या हातात असतो. म्हणून आज वाचनालयातून अर्धी रजा टाकून घरी आले. इरा क्लासला गेली आहे, पाचपर्यंत येणार नाही. तिच्या प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्यात. अभ्यास बरा चाललाय, रसायनशास्त्राची जरा धास्ती घेतली आहे एवढंच. बाबा होसूरहून कधी येणार, असं रोज विचारते.

गेल्या गुरुवारी तुमच्या चाकणच्या ऑफिसातून शैला मॅडम येऊन गेल्या हे तुला सांगितलंच. नेमकं काय झालं ते मात्र सांगितलं नव्हतं. पन्नाशीच्या, शांत बाई. दारात चपला काढल्या, पाणी मागितलं, मग फाईल उघडली. बदली झालेल्या लोकांच्या घरसामानाच्या बिलांची तपासणी चालू आहे, त्यात तुमचं नाव निघालं, म्हणाल्या. नियमही सांगितले, जणू मला ते माहीतच असणार. सामान न्यायचा खर्च कंपनी एकदाच देते, बदलीपासून सहा महिन्यांच्या आत. सामान कंपनीत नोंदवलेल्या पत्त्यावरूनच निघायला हवं. ते कर्मचाऱ्याचं आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचंच हवं. तीन ट्रान्सपोर्टवाल्यांचे दर, ट्रकची मूळ बिल्टी, म्हणजे माल चढवल्याची पावती, आणि वस्तूंची यादी जोडायला हवी. झाडांच्या कुंड्या चालत नाहीत, पाळीव जनावरं चालत नाहीत, इतर नातेवाइकांचं सामान चालत नाही. मी मान हलवत होते. मग त्यांनी यादी वाचायला घेतली. लोखंडी पलंग, एक. पत्र्याच्या पेट्या, दोन. पाटा-वरवंटा. लहान मुलीची सायकल. शिलाई मशीन. इथे त्या थांबल्या आणि विचारलं, "तुम्ही शिवता का?" मला साडीला फॉल लावता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "हे सगळं शेखरच बघतो, त्यालाच विचारा." त्यांनी आपला सोफा, कपाट, टीव्ही, सगळ्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "घर तर भरलेलं आहे."

जाताना यादीची आणि बिल्टीची प्रत आणि एक छापील कागद ठेवून गेल्या. वरील सामान आमच्या घरचं असून सहा ऑगस्टला ताथवड्याहून होसूरला गेलं, असं त्यावर लिहिलेलं आहे आणि खाली पत्नीच्या सहीची जागा आहे. येत्या मंगळवारी येऊन तो घेऊन जाणार आहेत. दारात सँडलचा पट्टा लावता लावता त्यांनी आणखी एक विचारलं, अगदी सहज. "साहेब बदलीआधी प्रेस शॉपला होते ना? एप्रिल-मेमध्ये?" मी हो म्हटलं. दार लावल्यावर मनात आलं, घरसामानाच्या तपासणीत हे कशाला हवं?

त्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तू भराभर बोलायला लागलास. सही करून टाक. जुनं सामान गेलं आणि इराच्या बारावीसाठी इथे नवीन घेतलं, असं सांग. ऑडिटवाल्यांचं हे दर वर्षी असतं. मी विचारलं, "पण गेलं काय?" तू म्हणालास, "अगं, सगळेच करतात. नाहीतर हक्काचा भत्ता वाया जातो." हे वाक्य तू आधीपासून जुळवून ठेवलं होतंस असं मला वाटलं. भत्त्यासाठी खोटी यादी करणारा माणूस सोफा लिहील, फ्रिज लिहील. पाटा-वरवंटा कोण लिहील? ते सामान खरंच कुणाच्या तरी घरातून निघालं होतं, आणि ते घर आपलं नव्हतं.

शुक्रवार मी कसा काढला ते सांगून तुला वाईट वाटेल, तरी सांगते. मला दुसरं काही सुचलंच नाही. शिलाई मशीन असलेली बाई, सायकल चालवणारी मुलगी. मग एकेक आठवायला लागलं. दिवाळीत आम्ही दोघी तिकडे येतो म्हटलं तर तू खोली लहान आहे म्हणालास आणि स्वतःच आलास. व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागे नेहमी तीच फिकट हिरवी भिंत, कधी दुसरा कोपरा दिसला नाही. गणपतीत आलास तेव्हा तुझ्या शर्टाच्या खिशात लाल क्लिप सापडली, लहान पोरीच्या केसांना लावतात तसली. बसमध्ये मिळाली म्हणालास. बसमध्ये सापडलेली क्लिप कुणी जपून खिशात ठेवतं का? वाचनालयात त्या दिवशी मी पुस्तकांवर चुकीचे शिक्के मारले. आपल्या शेजारच्या मोहिते वहिनी लिफ्टमध्ये म्हणाल्या, चेहरा उतरलाय. मी पित्तावर ढकललं.

शनिवारी बिल्टीवरचा पत्ता शोधत निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गेले. तिथला व्यवस्थापक गणराज नावाचा, चाळिशीचा, बोलका माणूस. मी सांगितलं, मी शेखर साहेबांची बायको, विम्यासाठी चौकशी करायची आहे. खोटं बोलायला मला एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. त्याला तो माल चांगला आठवत होता, कारण गल्लीत ट्रक शिरला नाही आणि सगळं सामान हातगाडीवरून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावं लागलं. मी विचारलं, "कुठली गल्ली?" तो म्हणाला, "दापोडी, मॅडम. रेल्वेलाइनच्या कडेची. बिल्टीवर पत्ता ताथवड्याचा टाका असं साहेबच म्हणाले. कंपनीचं बिल होतं, आम्ही टाकला." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण मग त्याने मला चहा विचारला आणि समोरची वही मिटून ठेवली.

रविवारी इराला तिच्या आत्याकडे सोडून मी दापोडीला गेले. रस्ताभर मी त्या शिलाई मशीनवाल्या बाईशी काय बोलायचं याची तयारी करत होते. साडी कुठली नेसावी याचासुद्धा विचार केला होता, इतकी मी खाली उतरले होते. गल्लीत सायकल, शिलाई मशीन, ऑगस्टमध्ये गेलेलं कुटुंब एवढं सांगितल्यावर चतुराबाई नावाच्या घरमालकिणीने शेवटच्या खोलीकडे बोट दाखवलं. "पोरगा, सून गेली. म्हातारी हाय की हितंच," म्हणाल्या.

रुक्मिणीबाई सत्तरीच्या आहेत. परभणीकडच्या. लसूण सोलत बसल्या होत्या, शेजारच्या खाणावळीला देतात. मी तुझं नाव सांगितलं तर त्या उठून उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुमी साहेबांच्या घरच्या व्हय? देवमानूस हाय माय तुमचा मालक." मला काही कळेना. त्यांनीच सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा ज्योतीराम तुमच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, ठेकेदाराकडून कामाला होता. मे महिन्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. ठेकेदाराने कामावरून काढलं. सून शिवणकाम करून घर चालवायला लागली. मग साहेब स्वतः आले, होसूरच्या कारखान्यात गेटवर गाड्या लिहून घ्यायचं काम देतो म्हणाले, सगळं बिऱ्हाड नेलं. "आमचं सामान न्यायला कोन पैसं देतंय? साहेबांनी ट्रक पाठिवला." त्या स्वतः गेल्या नाहीत, तिकडची तमिळ कळत नाही म्हणून. नात सायकल चालवते, शाळेत जाते, एवढंच त्यांना फोनवर कळतं.

शेखर, अर्धा तास मी फार सुखात होते. खाली चटईवर बसून त्यांच्या हातचा चहा प्यायले. ठेक्यावरच्या माणसाला कंपनी सामानासाठी एक पैसा देत नाही, म्हणून तू आपल्या नावावर त्याचं घर हलवलंस. नियम मोडलास, पण कशासाठी. मला माझी लाज वाटत होती आणि तुझं कौतुक. ती क्लिप कुणाची तेही कळलं. शैला मॅडमना काय सांगून तुला सोडवता येईल याचा विचार मी तिथेच बसून करायला लागले होते. सहीसुद्धा केली असती.

निघताना त्या म्हणाल्या, "ताई, तुमाला वाचता येतंय, येवढं बघा." देवाच्या फळीवरून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. आत सरकारी कार्यालयाची तीन पत्रं होती, ज्योतीरामच्या नावची. अपघाताच्या चौकशीसाठी हजर राहून जबाब द्यावा, अशी पहिली नोटीस जुलैच्या शेवटची, प्रत कंपनीला, इथे बिऱ्हाड गेल्यावर पोचलेली, तारीख चौदा ऑगस्टची. दुसरी ऑक्टोबरमधली. तिसरी डिसेंबरची, त्यात लिहिलंय की या वेळी आला नाही तर हाती असलेल्या कागदांवरून निकाल देऊ. ती तारीख येत्या बुधवारची आहे. मी विचारलं, मुलाला हे सांगितलं का? तर म्हणाल्या, "साहेबांनीच सांगितलं व्हतं, कागूद आला तर मला फोन कर, ज्योतीरामला नको सांगू, त्यो काळजी करतोय. म्या तिन्ही येळंला फोन केला. ठिवून दे म्हनले." मग त्यांनी मला विचारलं, काय लिवलंय. मी म्हटलं, कंपनीचा कागद आहे, मी बघते. माझ्याकडून हेही खोटं निघालं. तिन्ही नोटिसांचे फोटो काढले, मुलाचा नंबर घेतला आणि बाहेर पडले.

मेट्रोत उभी राहून मी तारखा लावत होते. चौदा ऑगस्टला जबाब आणि सहा ऑगस्टला बिल्टी. मधले आठ दिवस. मग मला गेल्या वर्षीचा एप्रिल आठवला. जेवताना तू खुशीत होतास. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचे डोळे असतात, हात मध्ये आला की मशीन थांबतं, पण ते उगाचच्या उगाच सारखं थांबतं, म्हणून ते डोळे झाकून टाकले आणि एका शिफ्टला केवढा माल वाढला, ते तू इराला वाटीचमचा घेऊन समजावून सांगत होतास. आम्हाला दोघींना तुझा अभिमान वाटला होता. रुक्मिणीबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "मशीनचं डोळं झाकल्यालं व्हतं म्हनं." त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला माहीत होता. मे महिन्यात एक दिवस तू दुपारीच घरी आलास, शर्ट स्वतःच्या हाताने धुतलास आणि तेल सांडलं म्हणालास. तू कधी रुमालसुद्धा धुतला नाहीस. मी तेव्हा काही विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं, कदाचित तू सांगितलंही असतंस.

तेव्हापासून माझं मन एका जागी बसत नाही. कधी वाटतं, तू अपराधी वाटून त्या माणसाला उभं केलंस. कधी वाटतं, साक्षीदार हजार किलोमीटरवर नेऊन ठेवलास आणि त्याच्या सायकलीचं भाडंसुद्धा कंपनीकडून वसूल केलंस. दोन्ही एकाच वेळी खरं असेल. मग आणखी एक शंका येते. अपघातानंतर महिन्याच्या आत तुझी बदली झाली. बढती म्हणून आपण पेढे वाटले. तुला तिथून कुणी हलवलं, शेखर? ते डोळे झाकायचं तुझ्या एकट्याच्या मनात आलं होतं, की वरून कुणी सांगितलं होतं? आणि आता घरसामानाचं बिल काढून शैला मॅडम एप्रिल-मे विचारतात ते कशासाठी? मला तर वाटतं, उद्या सगळं तुझ्या गळ्यात घालता यावं म्हणून ही फाईल भरली जाते आहे. खोटी यादी देणारा अधिकारी, त्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल? मी त्या कागदावर सही केली तर त्यांना आणखी एक खोटा कागद मिळेल, माझ्या नावाचा.

काल मी ज्योतीरामला फोन केला. दुपारच्या सुट्टीत, वाचनालयाच्या मागच्या जिन्यात उभी राहून. आधी त्याला वाटलं, आईला काही झालं. मी कोण ते सांगितल्यावर एकदम आदराने बोलायला लागला. डाव्या हाताने लिहायला शिकलोय, म्हणाला, अक्षर पोरीसारखं येतं. साहेब रविवारी घरी येतात, मुलीला खाऊ आणतात. मी नोटिसांचं विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, कसल्या नोटिशी? साहेब म्हनले केस मिटली. जाताना एका कागदावर सही घेतली व्हती, हात माझ्याच चुकीनं गेला म्हनून." मी त्याला तिन्ही नोटिसा वाचून दाखवल्या, एकेक शब्द. मागे एक गाडी हॉर्न वाजवत होती, बहुतेक गेटवर थांबलेली. मग म्हणाला, "म्हंजे मला बोलायचं व्हतं आन् मला कुनी बोलीवलंच न्हाई." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

इरा यायच्या आत हे कुरिअरच्या दुकानात द्यायचं आहे, शनिवारी तुला मिळेल म्हणतात, म्हणून आता लांबवत नाही. शैला मॅडमच्या कागदावर मी सही करणार नाही. मंगळवारी त्या आल्या की सामान कुणाचं होतं, कुठून निघालं आणि मला ते कसं कळलं, एवढं सांगणार आहे. तुझ्यावर काय येईल याची कल्पना मला आहे. नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त. इराला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. काल फोन ठेवण्याआधी ज्योतीरामने विचारलं होतं, "वहिनी, मी येतो बुधवारी. पन साहेबांना कसं सांगू? त्यांचं मीठ खाल्लंय." मी म्हटलं, तू काही सांगू नकोस, मी सांगते. त्यासाठीच हे पत्र लिहिलं. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, आणि मी बोलायच्या आधी तुला बोलता यावं, तुझ्या तोंडाने, डोळे कुणी झाकायला सांगितले तेही. ज्योतीराम रविवारी संध्याकाळच्या बसने निघतो आहे. त्याला मी दोन तिकिटं काढायला सांगितली आहेत. खिडकीची जागा त्याची, त्याला हात टेकवायला बरं पडतं. शेजारची तुझी.

अजून तरी तुझीच,
स्वरूपा